जुनी मापे, नवी मापे आणि शाळा

(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात वाचावयाच्या व्याख्यानाचा मजकूर)



रूढ झालेली एखादी गोष्ट व्यवहारातून काढून टाकावयाची ठरली म्हणजे कायद्याचे काम एका दिवसात पुरे होते. लोकांच्या हातातून, तोंडातून आणि हिशेबातून ती गोष्ट जाण्यास मात्र वर्षे लागतात. या मधल्या वर्षांचा भार कोणावर पडतो आणि शाळेने त्या वेळी काय करावयाचे असते, हा प्रश्न प्रत्येक पिढीतील शिक्षकापुढे कोणत्या ना कोणत्या रूपाने उभा राहतो. त्याचा विचार देशात घडून गेलेल्या एका मोठ्या बदलाच्या आधाराने करणे सोयीचे आहे. आणे-पै आणि शेर-मण यांच्या जागी दशमान नाणी व मेट्रिक वजनमापे आली, तो हा बदल होय. त्याची सुरुवात १९५७ साली झाली. आणि त्याचा शेवट झाला आहे असे अजूनही निःशंकपणे म्हणता येत नाही.

जुनी पद्धत आज अनेकांना ऐकूनच ठाऊक आहे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे आणि १९२ पै. वजनात पाच तोळ्यांचा छटाक, सोळा छटाकांचा म्हणजे ८० तोळ्यांचा शेर, आणि चाळीस शेरांचा मण. दहाच्या पटीत मोजण्याची सवय झालेल्या मुलाला हे आकडे वेडेवाकडे वाटतात. परंतु त्यांच्यात एक आंतरिक जुळणी होती. शेराला जितके आणे भाव असेल तितकेच पैसे पावशेराला पडत. शेराला जितके रुपये, तितकेच आणे छटाकाला. मणाला अडीच रुपये म्हणजे शेराला एक आणा. म्हणून ज्वारीचा भाव मणाला पंधरा रुपये आहे असे ऐकताच शेराला सहा आणे हे उत्तर जाणत्याच्या तोंडी तयार असे. या हिशेबाला पाटीची गरज नव्हती. अक्षरशत्रू बाईसुद्धा बाजारात उभ्या उभ्या तो करीत असे. कारण नाणे आणि वजन या दोहोंची विभागणी अर्ध्याने, पावाने व सोळाव्या भागाने होत होती आणि एकाची फोड दुसऱ्याच्या फोडीशी आपोआप मिळत होती.

शाळेतील पाठांतरही याच व्यवहारासाठी होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे पाढे मुले तिन्हीसांजेला परवच्यात म्हणत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आजच्या शिक्षकाला तो ऐकून नवल वाटेल. पण साडेतीन आणे शेराने सात शेर गूळ घेणाऱ्याच्या घरी त्या पाढ्याला किंमत होती.

मग ही जुळलेली पद्धत का मोडावी लागली? कारण ती जुळणी गावापुरती होती. शेर हा शब्द सगळीकडे एकच असला तरी शेर ही वस्तू एक नव्हती. जुना मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहून अधिक. धान्य तर पुष्कळ ठिकाणी वजनाने न घेता मापाने घेत. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही मापे भरताना शीग लावावयाची की माप सपाट करावयाचे, हे देणाऱ्या-घेणाऱ्यांपैकी जो बळकट असेल तो ठरवी. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर भात यांचे वजन सारखे नसते, ही गोष्ट आणखी निराळी. पेठेत धान्य घालणाऱ्या शेतकऱ्याचा माल एका मापाने जाई आणि त्याच्या घरी येणारे बी-बियाणे दुसऱ्या मापाने येई. हिशेब त्याला येत असे, परंतु ज्याचा हिशेब करावयाचा ते मापच त्याच्या हाती नव्हते.

एकच प्रमाण असावे हा विचार १९५६ सालचा नाही. १८७० व १८७१ मध्ये त्या वेळच्या सरकारने कायदे केले होते आणि त्यांत शेर हा किलोग्रॅमबरोबर धरला होता. ते कायदे कागदावरच राहिले. पुढे १९३९ च्या कायद्याने १८० ग्रेनचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर व ४० शेरांचा मण हे प्रमाण ठरविले, तरी गावोगावची मापे चालूच राहिली. स्वातंत्र्यानंतर मात्र काम नेटाने हाती घेतले गेले. नाण्यांच्या कायद्यात १९५५ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर भाग झाले. वजनमापांच्या प्रमाणांचा कायदा डिसेंबर १९५६ मध्ये झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक प्रदेशांत व उद्योगांत मेट्रिक वजने सुरू झाली, आणि एप्रिल १९६२ पासून व्यापारातील जुनी वजने बेकायदा ठरली.

या तारखांकडे शिक्षकाने जरा थांबून पाहावे. एका रात्रीत काहीच झाले नाही. आधी नाणे, मागून वजन. आधी काही क्षेत्रे, मागून सारा देश. आणि मधल्या काळात जुने व नवे दोन्ही कायदेशीर. हा सावधपणा अनाठायी नव्हता. फ्रान्समध्ये मीटर, लिटर, ग्रॅम ही नावे १७९५ च्या कायद्याने आली. लोकांनी ती मनावर घेतली नाहीत. शेवटी १८१२ मध्ये नेपोलियनला जुनी नावे परत व्यवहारात येऊ द्यावी लागली. अर्ध्या किलोग्रॅमला जुन्या पौंडाचे नाव, दोन मीटरांना जुन्या वावेचे नाव, अशी तडजोड झाली. शुद्ध मेट्रिक पद्धत तेथे सक्तीची झाली ती १ जानेवारी १८४० पासून. ज्या देशात ही पद्धत जन्मली तेथे ती रुजावयास पंचेचाळीस वर्षे लागली. त्या मानाने भारतात पाच वर्षांत व्यापारी वजने बदलली, हे काम लहान नव्हे.

तथापि हळूहळू बदल करण्याचीही एक किंमत असते, आणि ती किंमत कोण देतो हे क्वचितच पाहिले जाते.

नाणे बदलले आणि वजन जुनेच राहिले, त्या वर्षांत वर सांगितलेली जुळणी तुटली. भाव नव्या पैशांत आणि माल शेरात. शेराला सहा आणे म्हणजे साडेसदतीस नवे पैसे. अर्धा पैसा सोडून ३७ धरावयाचे. आता पावशेराला किती? ‘जितके आणे तितके पैसे’ हा गुर येथे उपयोगी पडत नाही, आणि शंभराचा नवा गुर येथे अजून लागू होत नाही, कारण शेर दहाने भागत नाही. म्हातारा दुकानदार आणि म्हातारे गिऱ्हाईक दोघेही एकाच वेळी अडाणी झाले. ज्यांचा तोंडी हिशेब वाखाणला जाई त्यांना छापील कोष्टकाकडे पाहावे लागले, आणि ज्याला कोष्टक वाचता येत नव्हते त्याला दुकानदाराच्या शब्दावर विसंबावे लागले.

त्यातही सोडलेल्या अपूर्णांकांचा प्रश्न होता. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पाव पैशाचे नाणे नसल्यामुळे एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस असे जवळचे पूर्ण आकडे घ्यावयाचे होते. चार आण्यांशी हिशेब चोख बसतो. त्याच्या आत बसत नाही. एक एक आणा करून सोळा वेळा मोजले तर ९६ च नवे पैसे होतात. एका जुन्या पैशाचे तर दीड नव्या पैशाहून थोडे अधिक होत, म्हणून दोन नवे पैसे धरावयाचे. जो एका पैशाचे मीठ, एका पैशाची मिरची, एका पैशाचे तेल असे नेतो, त्याने अशा ६४ खरेद्या केल्या तर रुपयाच्या मालाला १२८ नवे पैसे दिले. रुपयाचा माल एकदम नेणाऱ्याने शंभरच दिले. नियम दोघांना एकच होता. ज्याची खरेदी लहान त्याची झीज मोठी, एवढाच फरक.

ही झीज टाळण्याचा उपाय साधा होता. आधी सगळ्या जिनसांची बेरीज जुन्या पैशांत करावयाची आणि शेवटी एकदाच रूपांतर करावयाचे. चौथीतील मुलाला हे पाच मिनिटांत समजते. परंतु ते कोणीतरी त्याला सांगावयास हवे होते, आणि गावात असे सांगणारा माणूस एकच होता, तो म्हणजे शाळामास्तर. नव्या नाण्यांवर ‘रुपये का सौवाँ भाग’, ‘रुपये का दसवाँ भाग’ असे शब्द हिंदीत छापलेले होते. ज्या गावात ते वाचून त्याचा अर्थ सांगणारे मूल घरात होते, त्या घरी नवा पैसा लवकर ओळखीचा झाला. कायदा मुंबई-दिल्लीत झाला असेल. तो घराच्या उंबऱ्याच्या आत नेला तो पाटीदप्तर घेतलेल्या मुलांनी. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यातील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या, त्याच्या महिनाभरच आधी जुनी वजने बंद झाली होती. नव्या व्यवस्थेच्या हाताखाली पहिल्या वर्षी बसलेल्या मुलांना शेर घरी आणि किलोग्रॅम शाळेत असे दोन संसार सांभाळावे लागले.

शाळेतील जुने पाढे यानंतर मागे पडले. ते जाणे अपरिहार्य होते, यात शंका नाही. आण्याच्या हिशेबासाठी औटकी घोकणाऱ्या मुलाचा वेळ दशांश समजून घेण्यात जाणे अधिक इष्ट होते. परंतु ते ज्या घाईने काढले गेले ती घाई शहाणपणाची म्हणता येत नाही. त्या पाढ्यांनी आण्यांखेरीज आणखी एक काम चालविले होते, आणि त्या कामाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. त्यांच्यामुळे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच या राशी मुलाच्या कानात व जिभेवर आकड्यांइतक्याच सहज बसत. आण्याचा हिशेब नव्या पैशाने उचलला. अपूर्णांकाचे हे तोंडी शिक्षण मात्र कोणीच उचलले नाही. पुढे वर्गात अपूर्णांक आला तो वरखाली लिहिलेल्या दोन आकड्यांच्या रूपाने, आणि दशांश आला तो एका टिंबाच्या रूपाने. अडीच हा शब्द, २½ हा आकडा आणि २.५ ही खूण या तिन्ही गोष्टी एकच आहेत, हे आज पुष्कळ मुलांना सातवीपर्यंत कळत नाही. घरी ते मूल ‘अडीच किलो’ म्हणते आणि शाळेत ‘दोन पूर्णांक पाच दशांश’ वाचते. दोन निराळ्या वस्तूंविषयी बोलावे तसे.

जुने सर्वच गेले असे मात्र नाही, आणि काय गेले व काय राहिले याची छाननी मोठी बोधप्रद आहे. धान्य, भाजी, किराणा यांतून शेर गेला. कापडातून वार गेला आणि मीटर आला. परंतु सोनाराकडे तोळा आहे, तो आता साधारणतः दहा ग्रॅमचा समजला जातो; जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. शिंप्याच्या फितीवर इंच आहेत, माणसाची उंची फुटांत सांगतात, आणि घराची जागा चौरस फुटांत विकली जाते. जेथे माल मापून देणाऱ्याच्या वजनावर सरकारी शिक्का लागतो आणि निरीक्षक येऊन तपासतो, तेथे नवे माप आले. जेथे माप कारागिराच्या स्वतःच्या हातात व डोळ्यांत असते, तेथे ते तसेच राहिले, असा याचा साधा उलगडा दिसतो. भाजीवाली आजही ‘पावशेर घ्या’ म्हणते, परंतु तिच्या पारड्यात २५० ग्रॅमचे वजन असते. जुना पावशेर २३३ ग्रॅमचा होता. शब्द तोच राहिला आणि त्याच्या आतील वजन बदलले. गिऱ्हाइकाचा त्यात तोटा झाला नाही, म्हणून कोणी तक्रारही केली नाही.

भाषेतून काढून टाकण्याचा कायदा अर्थातच कोणी केला नाही. सोळा आणे खरे, पै-पैचा हिशेब, शेरास सव्वाशेर, तोळामासा प्रकृती, पासंगालाही न पुरणे ही बोलणी चालू आहेत आणि चालू राहावीत. मुलाने ‘पै म्हणजे काय’ असे विचारले तर रागे भरण्याचे कारण नाही. पिकांची आणेवारी कागदावर पैसेवारी झाली. गावात तिला अजून आणेवारीच म्हणतात.

जमिनीच्या बाबतीत मात्र शिक्षकाने अधिक सावध असावयास हवे, कारण तेथे जुने आणि नवे आजही शेजारी शेजारी नांदत आहेत आणि त्या शेजारात भांडणे आहेत. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. बांधावर उभा असलेला शेतकरी एकर-गुंठ्यांत बोलतो. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा, १०८९ चौरस फूट; एकराचे गुंठे चाळीस. आर म्हणजे दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद जागा, शंभर चौरस मीटर. हेक्टरचे आर शंभर. एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटर भरतो, म्हणून ‘गुंठा म्हणजेच आर’ असे सर्रास सांगितले जाते. तोंडी अंदाजाला ते ठीक आहे. परंतु एका एकरात ४० आर धरले तर सुमारे ४७ चौरस मीटर जमीन हिशेबातून नाहीशी होते, आणि तेवढ्या जागेत एक घर उभे राहू शकते. त्याहून मोठी चूक चाळीस आणि शंभर यांची होते. ‘दीड एकर’ म्हणजे एक एकर वीस गुंठे. ‘दीड हेक्टर’ म्हणजे एक हेक्टर पन्नास आर. सातबाऱ्यावरील १.२० हा आकडा पाहून त्याला एक एकर वीस गुंठे समजणारे लोक आहेत. वास्तविक एक हेक्टर वीस आर म्हणजे जवळजवळ तीन एकर. वाटणीच्या वेळी कागद वाचणारा आणि कागद ऐकणारा यांपैकी एकाला हे ठाऊक असेल आणि दुसऱ्याला नसेल, तर काय होते हे खेड्यातील शिक्षकाला सांगावयास नको. जुन्या खतांत विहिरीतील हिस्सा ‘चार आणे’, ‘दोन आणे’ असा लिहिलेला आढळतो. चार आणे म्हणजे चौथा हिस्सा, दोन आणे म्हणजे आठवा, हे आजच्या मुलाला शिकविणे म्हणजे बंद पडलेल्या नाण्याची आठवण काढणे नसून त्याच्या घरच्या पाण्याचा हिस्सा त्याला वाचता येणे होय. पाचवीच्या वर्गात एक तास यासाठी काढला तर तो वाया जाणार नाही. परीक्षेत मात्र याचे प्रश्न घालू नयेत.

आता खुद्द नव्या पैशाकडे पाहावे. त्याच्या नावातील ‘नया’ हा शब्द १ जून १९६४ पासून गेला, कारण तोवर जुन्या पैशाशी गोंधळ होण्याचे कारण उरले नव्हते. त्यानंतर तीन-चार दशके पाच, दहा, वीस, पंचवीस पैशांची नाणी मुलांच्या मुठीत होती. दहा पैशांची दहा नाणी म्हणजे रुपया, हे मूल शाळेत येण्यापूर्वीच गोळ्या-बिस्किटांच्या दुकानात शिकून येई. शतांश शिकविताना शिक्षकाला फळ्यावर चित्र काढण्याची गरज नसे. पुढे महागाई वाढली, लहान नाण्याला काही येईनासे झाले, आणि ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालील सर्व नाणी चलनातून बाद झाली. पन्नास पैशांचे नाणे कायद्याने चालते, पण बाजारात ते फारसे कोणी घेत नाही. म्हणजे ज्या नाण्यासाठी आणा हद्दपार केला ते नाणेही आता हद्दपार झाले आहे. या दुसऱ्या निरोपाची चर्चा मात्र शाळांतून झालीच नाही.

परिणाम वर्गात दिसतो. रुपये-पैशांची उदाहरणे जेथे येतात तेथे मूल ती कोड्यासारखी सोडविते, कारण पैसा त्याने पाहिलेला नाही. १२.५ रुपये हे ते ‘बारा रुपये पाच पैसे’ असे वाचते. पूर्वीच्या मुलाची ही चूक दुकानदार सुधारी. आजच्या मुलाची चूक सुधारणारे कोणी दुकानात राहिले नाही, कारण तेथे बारा रुपये पन्नास पैसे असा भाव बहुधा नसतोच, आणि असला तर मोबाईलच्या पडद्यावर आकडा उमटून पैसे जातात. मोजावे लागत नाहीत. १९६० च्या सुमारास अपूर्णांकाचे तोंडी शिक्षण अनाथ झाले होते, तसेच २०११ नंतर दशांशाचे हातातले शिक्षण अनाथ झाले आहे. एखादी वस्तू कालबाह्य झाली तर ती जावी. पण ती वस्तू न सांगता दुसरे कोणते काम करीत होती याची चौकशी ती जाण्यापूर्वी व्हावी, आणि ते काम दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवावे. शाळेपुरती ही चौकशी शिक्षकालाच करावी लागणार, कारण मुलाच्या हातात काय आहे आणि काय नाही हे रोज त्यालाच दिसते.

दशांशाचे काम आता नाण्याकडून काढून मीटर आणि किलोग्रॅम यांच्याकडे द्यावे. या वस्तू शाळेत आहेत. मीटरपट्टीवर शंभर सेंटिमीटर आहेत, म्हणजे शतांश आहेत. मुलाची उंची १ मीटर २५ सेंटिमीटर भरली की १.२५ लिहावे, आणि त्याच वेळी ‘सव्वा मीटर’ हा शब्द उच्चारावा. ‘सव्वा’ हा शब्द, १¼ हा अपूर्णांक आणि १.२५ हा दशांश तिन्ही एका ओळीत फळ्यावर राहिले, तर जुन्या पाढ्यांनी चालविलेले कामही त्यातच साधते. सवायकी-दिडकी पुन्हा घोकावयास लावण्याची आवश्यकता नाही. पण ‘दीड किलो किती ग्रॅम’, ‘पाऊण मीटर किती सेंटिमीटर’ असे दहा प्रश्न रोज तोंडी विचारावे, आणि उत्तर पाटीवर न करता द्यावयास सांगावे.

शाळेच्या स्वयंपाकघरातील काटा तर याहूनही उपयोगी आहे आणि बहुतेक ठिकाणी तो वर्गापासून चार पावलांवर असून वर्गाला परका आहे. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे दररोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य धरलेले असते. आज पाचवीपर्यंतची ३७ मुले हजर आहेत. तांदूळ किती काढावयाचा? सदतीसशे ग्रॅम, म्हणजे ३ किलो ७०० ग्रॅम, म्हणजे ३.७ किलो. हजेरी झाल्यावर हा हिशेब वर्गातील दोन मुलांनी करावा, वजन करताना त्यांनी काट्याजवळ उभे राहावे आणि नोंदवहीत आकडा त्यांच्यासमोर लिहिला जावा. प्रथम एखादे मूल ‘तीन किलो सात ग्रॅम’ म्हणेल. त्याला सात ग्रॅम तांदूळ वेगळा तोलून दाखवावा. चिमूटभर तांदूळ आणि सात मुलांचे जेवण यांतील अंतर त्याच्या डोळ्यांपुढे येईल. दुसऱ्या दिवशी ४१ मुले असतील, तर ४.१, एखाद्या पावसाळी दिवशी नऊच आली, तर ०.९. शून्याच्या पुढे टिंब देऊन आकडा का लिहावयाचा हे त्या दिवशी समजावून द्यावे लागत नाही. काटा इलेक्ट्रॉनिक असला तर पडद्यावर ३.७०० असे उमटेल. शेवटची दोन शून्ये का आली आणि ती पुसली तर तांदूळ कमी होतो काय, हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्यावा आणि त्याचे उत्तरही त्यांनाच, पारड्याजवळ, काढू द्यावे.